नवशिक्या गुरुजींचे घर

शिक्षकांचे आश्रयदाते संत जाँ बाप्तिस्त द ला साल ह्यांच्या शाळांविषयी पुष्कळ लिहिले जाते. आम्हांस त्यांचे घर अधिक मोलाचे वाटते. फ्रान्समधील रीम्स येथे गरिबांच्या मोफत शाळांतील अननुभवी शिक्षकांना त्यांनी १६८१ साली आपल्या घरी राहावयास आणले. आप्तेष्ट संतापले. शिक्षकांच्या दिनक्रमास शिस्त आली, अध्यापनास वळण लागले. परंतु उद्याच्या भाकरीची चिंता काही सुटेना. दैवी कृपेवर विसंबून राहा, हे कॅथेड्रलच्या सधन कॅननने सांगणे सोपे आहे, असे त्यांनी तोंडावर सुनावले. १६८३ मध्ये ला साल ह्यांनी कॅननपद सोडले. पुढे दुष्काळात संपत्तीही वाटून टाकली. नव्या शिक्षकाच्या अंगची बडबड, चंचलता, कठोरता कशी घालवावी, ह्याचे नियम नंतरचे. पद न सोडता ते लिहिले असते, तर कोणी मनावर घेतले असते असे आम्हांस वाटत नाही.