कलावंताच्या मनातली शंका: आजार कधी समजावा?

‘मला हे जमणार नाही’ ही भीती अनेक कलावंतांना वाटते. तो आजार नव्हे. १९३६ साली सेगावात (आजचे सेवाग्राम) राहायला आलेल्या गांधीजींनी फैजपूर काँग्रेसच्या सजावटीचे काम नंदलाल बोस यांना सांगितले. आपण चित्रकार, बांधकामातले आपल्याला काय कळते, म्हणून तेही आधी कचरले होते. पुढे त्यांनी ते केले, आणि १९३८ साली हरिपुऱ्याची चित्रेही.

मात्र दोन आठवडे रोजच उदास वाटत असेल, झोप-भूक बिघडली असेल, ब्रश किंवा खंजिरी हातात घ्यावीशीच वाटत नसेल, तर ते नैराश्य असू शकते. त्यावर समुपदेशन आणि औषधांचा उपयोग होतो.

मंचावर हात थरथरतात म्हणून मित्राकडून प्रोप्रॅनोलॉलची गोळी मागून घेऊ नका. दमा असणाऱ्यांना ती घातक ठरू शकते. ‘धीर येतो’ म्हणून दारू तर नकोच.

घरच्यांनी नुसते ‘छान’ म्हणण्यापेक्षा नेमके काय आवडले ते सांगावे. रुग्ण मरणाची भाषा बोलू लागला तर त्याला एकटे सोडू नका. सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. टेली-मानसचा १४४१६ हा मोफत क्रमांक चोवीस तास चालू असतो.