तालीम, कवायत, शारीरिक शिक्षण : वऱ्हाडातील शालेय व्यायामनीतीची कसोटी

बाळापूरच्या परिसरात १७२० साली निजाम-उल्-मुल्काने आलमअलीखानाचा पराभव केला. मन आणि म्हैस या नद्यांच्या संगमावरील तेथील किल्ला १७५७ साली एलिचपूरच्या इस्माईलखानाने पुरा केला. शिपाईगिरी हीच जेथे उपजीविका, तेथे शरीरबलाची परीक्षा निराळी घ्यावी लागत नसे. शाळेस मात्र ती घ्यावी लागते. आणि ती कोणत्या मापाने घेतली गेली हे पाहू जाता तीन शब्द बरेच काही सांगून जातात.

‘तालीम’ हा अरबी शब्द मूळचा ‘शिक्षण’ या अर्थाचा. मराठीत तो संकोच पावून मुख्यतः आखाड्याचा वाचक झाला. (नाटकमंडळ्यांनी त्याचा मूळ अर्थ थोडासा राखला, हे त्यांचे श्रेय.) ‘कवायत’ हे ‘कायदा’ या शब्दाच्याच अरबी अनेकवचनाचे मराठी रूप होय. ‘शारीरिक शिक्षण’ ही संज्ञा इंग्रजीवरून घडविलेली आहे. तालीम कौशल्य मोजते, कवायत शिस्त मोजते. तिसऱ्या संज्ञेने प्रत्येक विद्यार्थ्याची प्रगती मोजावी अशी अपेक्षा. परंतु प्रत्यक्षात पहिली दोन मापेच तिच्या नावाखाली चालत आली.

अमरावतीस वैद्य बंधूंनी १९१४ साली स्थापिलेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने देशी व्यायामास शिकविण्याजोगे रूप दिले, व १९३६ साली बर्लिन येथे त्याची प्रात्यक्षिकेही दाखविली. हे कार्य मोठेच. तथापि आखाड्यात येणारा मुलगा आवडीने येतो, शाळेत नावडीचाही येतो. म्हणून एकाची पद्धती दुसऱ्यास जशीच्या तशी लागू पडत नाही. मुंबई इलाख्यात १९३७ साली स्वामी कुवलयानंदांच्या अध्यक्षतेखाली शारीरिक शिक्षण समिती नेमली गेली, तेव्हा वऱ्हाड मध्यप्रांतात होते. मुंबई राज्यात ते आले १९५६ साली.

मध्यंतरी, १९५४ साली, राष्ट्रीय शिस्त योजना निघाली. तिचे नावच तिचे माप सांगते. १९५९ साली नेमलेल्या कुंझरू समितीने अशा विखुरलेल्या योजनांच्या एकीकरणाचा विचार केला.

२०१९ पासूनच्या ‘खेलो इंडिया’ चाचण्यांत लहान मुलांसाठी तोल व हातांची चपळाई, मोठ्यांसाठी ५० मीटर व ६०० मीटर धाव, आणि सर्वांसाठी उंची-वजनाचे प्रमाण पाहिले जाते. येथे माप प्रथमच प्रत्येक मुलापर्यंत पोहोचू पाहते. त्याच वर्षीच्या ‘फिट इंडिया’ शाळा-मानांकनात मैदान, प्रशिक्षित शिक्षक व तासिका यांची नोंद होते, परंतु ती शाळेच्याच निवेदनावरून. या दोन्ही नोंदी शेजारी ठेवून वाचल्या नाहीत, तर उणीव मुलाच्या दमात आहे की मैदानात, हे ठरविता येत नाही. ऋतूचा प्रश्न निराळाच. बाळापूर-अकोल्याकडे जानेवारीच्या सकाळी धावलेले ६०० मीटर आणि एप्रिलच्या उन्हात धावलेले ६०० मीटर एकाच रकान्यात मांडता येणार नाहीत. चाचणीचा महिना व वेळ यांची नोंद त्या आकड्यासोबतच हवी.