हसविणाऱ्याची जात

नाट्यशिक्षणाच्या वर्गात विनोदी अभिनय शिकविताना आता जगभरची उदाहरणे दिली जातात. इटलीची कॉमेडिया देल आर्ते, जपानचे क्योगेन, संस्कृत नाटकातील विदूषक आणि वेळ उरलाच तर तमाशातील सोंगाड्या. मुखवटा कसा वापरावा, पाय कसा अडखळवावा, हशा ओसरू लागला की पुढचे वाक्य कधी टाकावे हे सारे शिकविले जाते. ते शिकवू नये असे कोणी म्हणणार नाही. पण हे हसविणारे लोक समाजाच्या कोणत्या थरातले होते आणि ते कोणाला हसत होते, हा इतिहास मात्र तंत्राच्या अडगळीत पडून राहतो.

सुरुवात घरापासूनच करू. नाट्यशास्त्राच्या अखेरच्या अध्यायात एक कथा येते. भरताचे पुत्र विद्येच्या मदाने प्रहसने करू लागले आणि त्यांत त्यांनी ऋषींचीच टर उडविली. ऋषी संतापले. तुमचा वंश शूद्र होईल असा शाप त्यांनी दिला. ही कथा पुराणातली आहे, इतिहासातली नव्हे, हे मला मान्य आहे. पण नट समाजात खालचा का, या प्रश्नाचे उत्तर ग्रंथकाराला द्यावेसे वाटले, आणि ते उत्तर 'त्याने वरच्यांना हसून दाखविले' असे निघाले, ही गोष्ट साधी नाही. याच परंपरेतला विदूषक मात्र ब्राह्मण आहे. तो प्राकृत बोलतो, खादाड आहे, स्वतःच्या ब्राह्मण्याचीही थट्टा करतो. पण तो नायकाचा मित्र आहे. 'मृच्छकटिका'तला मैत्रेय आठवावा. त्याला कोणी शाप देत नाही. आमच्या वर्गात विदूषकाचे प्रकार पाठ करून घेतात. शापाची कथा क्वचितच निघते.

इटलीतले प्रकरण अधिक बोलके आहे. १५४५ साली पादुआ येथे आठ नटांनी नोटरीसमोर करार करून मंडळी उभी केली. कोणी आजारी पडला तर त्याला सामाईक पैशातून मदत द्यायची, सामान वाहायला घोडा घ्यायचा, असल्या बाबी त्यात आहेत. फडाच्या गाडीवर जन्म काढलेल्या माणसाला हा करार परका वाटणार नाही. या नाटकातला नोकर म्हणजे झान्नी. तो बेर्गामोच्या डोंगराळ मुलखातून व्हेनिसला हमाली करायला उतरलेला माणूस. मुंबईच्या बंदरावर आणि गिरणीत आलेल्या घाटावरच्या माणसाला पांढरपेशांनी जसे 'घाटी' म्हणून हसून घेतले, तसाच तोही बोलीवरून, भुकेवरून हसला गेला. आर्लेकिनोच्या अंगावरचे रंगीत चौकटींचे कपडे मुळात ठिगळे होती. भुकेने कळवळलेला झान्नी माशी पकडून चवीने खातो, हा त्याचा गाजलेला खेळ. पुढे विसाव्या शतकात झाक लकॉक इटलीत काही वर्षे राहिला, सार्तोरीसारख्या कारागिराच्या चामडी मुखवट्यांशी त्याची ओळख झाली आणि १९५६ साली त्याने पॅरिसला शाळा काढली. तिथून हे तंत्र जगभरच्या नाट्यशाळांत गेले. माशी खाण्याचा खेळ गेला. हमालाची भूक मागे राहिली.

जपानचेही तेच. १३७८ च्या सुमारास शोगुन योशिमित्सुने बाल झेआमीला उत्सवात आपल्या शेजारी बसविले, तेव्हा एका सरदाराने आपल्या रोजनिशीत चिडून लिहिले की ही सारुगाकू म्हणजे भिकाऱ्यांची विद्या. त्याच सारुगाकूतून नो आणि क्योगेन ही भावंडे निघाली. 'बुसु' या क्योगेनात धनी नोकरांना सांगतो, या भांड्यात विष आहे, जवळ जाऊ नका. नोकर साखर ओळखतात, फस्त करतात, मग धन्याचे मोलाचे चित्र फाडतात, वाडगा फोडतात आणि तो परत आल्यावर रडत सांगतात : हातून अपराध घडला, प्राण द्यावा म्हणून विष खाल्ले, पण मरणच येईना! वगातल्या सोंगाड्याला ही गोष्ट एकदा सांगावी. दुसऱ्या दिवशी तो ती पाटलाच्या वाड्यात घडवून दाखवील.

पण हसविणे म्हणजे नेहमीच वार करणे नव्हे. अमेरिकेत १८३० च्या आसपास टॉमस राइस या गोऱ्या नटाने तोंडाला काळे फासून 'जिम क्रो' हे सोंग लोकप्रिय केले. पुढे काळ्यांना वेगळे ठेवणाऱ्या कायद्यांना याच सोंगाचे नाव चिकटले. बर्ट विल्यम्स स्वतः कृष्णवर्णीय. त्यालाही रंगभूमीवर यायचे तर चेहऱ्याला काळे फासावे लागे. १९१० साली तो झीगफेल्ड फॉलीजमध्ये गोऱ्या नटांबरोबर उभा राहिला, आणि १९२२ साली वारला तोपर्यंत काळे फासण्यातून काही सुटला नाही. त्याच्या टायमिंगचे धडे द्यायचे आणि त्या काजळीबद्दल बोलायचे नाही, हे कसले शिक्षण?

आता तमाशाकडे या. हा फड बव्हंशी महार, मांग, कोल्हाटी यांच्या श्रमावर उभा राहिला. गवळणीतला लंगडा पेंद्या, पुरुषाने रंगविलेली मावशी, बतावणीतली जुगलबंदी हे सगळे आयत्या वेळचे, त्या गावचा पाटील आणि कुलकर्णी समोर बघून रचलेले. १९४७ साली मिलानमध्ये स्ट्रेहलरने गोल्दोनीचे 'दोन धन्यांचा नोकर' बसवून जुन्या उत्स्फूर्त विनोदाला मानाने रंगमंचावर आणले. त्याच काळात इकडे मुंबई सरकारने तमाशावर बंदी घातली. ती उठली तेव्हा संहिता आधी तपासून घेण्याची अट आली. आयत्या वेळी सुचणारी बतावणी तपासायला पाठवायची कशी? पुढे वसंत सबनीसांचे 'विच्छा माझी पुरी करा' १९६५ साली आले, दादा कोंडक्यांनी ते गाजविले, आणि शहरी प्रेक्षकाला सोंगाड्या नाट्यगृहात भेटला. फडातला सोंगाड्या मात्र कनातीतच होता.

आमच्यातल्या अनेकांनी तमाशा सोडला तो स्वाभिमानाने. जातीने लादलेली करमणूक नको, हे आंबेडकरी चळवळीचे म्हणणे होते आणि ते बरोबरच होते. पण सोडताना सारे टाकून दिले नाही. सत्यशोधक जलशाने भटजीची भोंदूगिरी विनोदाच्या टप्प्यात आणली होती. १९३० च्या दशकात भीमराव कर्डकांसारख्यांनी आंबेडकरी जलसा उभा केला, तेव्हा गणातला गणपती गेला, गवळणीतला कृष्ण गेला, बाईचे नाचणे गेले. बतावणीचा सवालजवाब तेवढा ठेवला. त्यात अडाणी म्हणून हसला जाणारा माणूस आता शिकलेल्याला विचारीत होता की देवळात आम्ही का नको, पाणवठ्यावर आम्ही का नको, आणि उत्तर देणाऱ्याची त्रेधा बघून मैदानातली माणसे हसत होती.