लाव्ह्याची दोन नावे
हवाई बेटांतील लोकांनी लाव्ह्याचे दोन प्रकार पूर्वीच ओळखले होते : गुळगुळीत पृष्ठाचा ‘पाहोएहोए’ व खडबडीत ‘आआ’. अमेरिकन भूशास्त्रज्ञ क्लॅरेन्स डटन यांच्या १८८४ च्या अहवालाने ही नावे शास्त्रात रूढ केली. त्यांमागील कारण उलगडण्यास मात्र पदार्थविज्ञानाचे साहाय्य झाले. तरंगत्या घन कणांनी द्रवाची श्यानता, म्हणजे दाटपणा, किती वाढतो याचे गणित आइन्स्टाइन यांनी १९०६ मध्ये मांडले व १९११ मध्ये दुरुस्त केले. शिलारसातील स्फटिक हे असेच कण होत. बुडबुड्यांचे कार्य दुहेरी आहे : लहान, गोल बुडबुडे प्रवाहास अडवितात, ताणले गेलेले मोठे बुडबुडे तो सुकर करतात. स्फटिक दाटले की पाहोएहोए वाहता वाहता आआ बनतो. उलट सहसा घडत नाही. तेव्हा एकाच शिलारसाच्या दोन अवस्था त्या लोकभाषेने आधीच नोंदविल्या होत्या, असे म्हणावे लागते.