हापूसचं कलम चालतं, मग माणसाचं का नाही?

आजच्या भागाची सुरुवात एका श्रोत्याच्या प्रश्नानं. मागे एका भागात डॉली मेंढीचा विषय ओझरता आला होता. त्यावर त्यांनी विचारलं, "कोकणात जो तो हापूसची कलमं लावतो. झाडाची हुबेहूब नक्कल चालते, मग माणसाची का नाही?" प्रश्न थट्टेतला वाटेल, पण तो चांगलाच अवघड आहे. उत्तर शोधायला आधी वेळणेश्वरला जाऊ.

कलम आणि क्लोन

वेळणेश्वर गुहागर तालुक्यातलं. समुद्राला लागून शंकराचं देऊळ, माडांच्या रांगा, आणि जरा आत गेलं की आंब्याची कलमं. माड आणि हापूस शेजारी शेजारी वाढतात, पण त्यांची वंशावळ वेगळी. माडाचं रोप नारळ रुजवूनच करतात, त्यामुळे प्रत्येक माड थोडा नवा. हापूसची कोय लावली तर झाड येतं, पण त्याला हापूसच धरेल याची खात्री नाही. म्हणून पावसाच्या तोंडावर रायवळ आंब्याच्या कोयी रुजत घालतात. तांबूस पानांचं कोवळं रोप आलं की त्याचा शेंडा छाटून, खाच पाडून, तिथे हापूसची काडी बसवतात आणि प्लास्टिकच्या पट्टीनं घट्ट बांधतात. हे कोय कलम. मूळ रायवळचं, फळ हापूसचं.

आता गंमत बघा. 'क्लोन' हा शब्द आला तोच मुळी कलमावरून. १९०३ साली हर्बर्ट वेबर नावाच्या अमेरिकी वनस्पतिशास्त्रज्ञानं तो सुचवला. ग्रीक भाषेत 'क्लोन' म्हणजे डहाळी. कलमानं किंवा छाटानं वाढवलेल्या झाडांच्या समूहाला एक नाव हवं होतं, म्हणून हा शब्द. पोर्तुगीज पाद्रींनी गोव्यात कलमांचं तंत्र रुजवलं आणि त्यातून हापूस पसरला असं मानतात. म्हणजे शब्द जन्मायच्या कितीतरी आधीपासून आपण क्लोन खातोय!

पण कलमाबरोबर गुण येतात तसे दोषही येतात. हापूसमधला साका बागायतदारांना चांगला माहीत आहे. बाहेरून फळ सुरेख आणि कापलं की आत गर पांढरट, आंबट. हा दोष कुठल्या एका बागेचा नाही, जातीचाच आहे. काडीबरोबर तोही बागेबागेत गेला. त्यावर उपाय कसा निघाला? कोकण कृषी विद्यापीठाच्या वेंगुर्ल्याच्या केंद्रात नीलम आणि हापूस यांचा संकर करून 'रत्ना' ही जात काढली, १९८१ साली. तिच्यात साका नाही. नकला काढून न सुटलेला प्रश्न दोन वेगळी झाडं एकत्र आणून सुटला.

माणसाचा विचार कोणी केला?

हा शब्द माणसाला लावणाऱ्या पहिल्या काही लोकांत जे. बी. एस. हाल्डेन होते. मूळचे इंग्रज, पण १९५७ मध्ये भारतात येऊन पुढे इथले नागरिक झाले. १९६३ साली प्रसिद्ध झालेल्या भाषणात त्यांनी कर्तबगार माणसांचे क्लोन करण्याची कल्पना मांडली. शक्यतो पन्नाशी ओलांडलेल्यांचे, म्हणजे माणूस कसा निघाला ते आधी कळलेलं असेल. हापूसची काडी घेताना बागायतदार हेच बघतो, झाडानं चांगलं फळ दिलंय ना?

'चांगली' माणसं निवडून वाढवायची ही कल्पना हाल्डेनच्याही आधीची. तिची एक मराठी साक्षीदार होती. इरावती कर्वे, महर्षी धोंडो केशव कर्वे यांची सून. महर्षी रत्नागिरी जिल्ह्यातलेच, दापोलीजवळच्या मुरुडचे. १९२८ साली इरावतीबाई बर्लिनला पीएचडीसाठी गेल्या. संस्था होती मानववंश, आनुवंशिकता आणि सुप्रजननशास्त्र यांची, आणि मार्गदर्शक होते ऑयगेन फिशर. गोऱ्या युरोपीय लोकांच्या कवटीची ठेवण वेगळी असते, त्यातून त्यांची बुद्धी वरचढ ठरते, असा फिशर यांचा कयास होता. इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या. तसा फरक आढळला नाही, आणि त्यांनी प्रबंधात तसं लिहिलं. विचार करा, परक्या देशात, स्वतःच्या गाइडच्या विरोधात!

पुढे काय झालं ते माहीत आहेच. १९३३ साली जर्मनीत सक्तीच्या नसबंदीचा कायदा आला. याच संस्थेचे पुढचे प्रमुख फेर्श्युअर हे जुळ्यांचे अभ्यासक, आणि आउशवित्झच्या छळछावणीत जुळ्या मुलांवर प्रयोग करणारा मेंगेले हा त्यांचा शिष्य. एकसारखी जुळी म्हणजे निसर्गानं केलेले क्लोनच. ज्यांना माणसात फक्त 'वाण' दिसला, त्यांनी त्या मुलांचं काय केलं हे विसरून या विषयावर बोलता येत नाही.

कोणी म्हणेल, ते जर्मनीत झालं, आपल्याकडे कुठे? आपल्याकडे गर्भजल तपासणी आली ती आजार ओळखण्यासाठी. आपण ती मुलगी आहे का हे बघायला वापरली. इतकी, की १९८८ साली देशातला पहिला प्रतिबंधक कायदा महाराष्ट्राला करावा लागला. केंद्राचा कायदा त्यानंतर, १९९४ चा. 'कसं मूल हवं' हे निवडायची सोय हातात आल्यावर आपण काय निवडलं, याचा हा पुरावा.

न लागलेली कलमं

आता धोक्याकडे येऊ. बांधलेली सगळी कलमं लागत नाहीत, हे कुठलाही नर्सरीवाला सांगेल. काड्या वाळतात, वाळलेली रोपं उपटून बाजूला टाकली की झालं.

५ जुलै १९९६ रोजी स्कॉटलंडमध्ये डॉली जन्मली, ती २७७ प्रयत्नांतून एकटी. आपल्याकडे हरियाणात कर्नालच्या संस्थेत २००९ च्या फेब्रुवारीत म्हशीचं क्लोन पारडू जन्मलं. ते आठवडाभरही जगलं नाही. जूनमध्ये जन्मलेली 'गरिमा' मात्र त्यापुढे जगली. २०१८ मध्ये चीनमधून माकडांच्या दोन क्लोन पिल्लांची बातमी आली. ती गर्भातल्या पेशींपासून झाली होती. त्याच प्रयोगात वयात आलेल्या माकडिणीच्या पेशी वापरून १८१ भ्रूण ४२ माद्यांच्या पोटात सोडले होते. बावीस माद्यांना गर्भ राहिला, दोन पिल्लं जन्मली आणि दोन्ही लवकरच मेली.

प्रत्येक क्लोन रोगटच निघतो असं नाही. डॉलीच्याच पेशींपासून पुढे झालेल्या मेंढ्या म्हातारपणीही ठणठणीत आढळल्या. प्रश्न जगलेल्यांचा नाही, वाटेत गेलेल्यांचा आहे. त्या ४२ माद्यांच्या जागी बायका ठेवून बघा. बीजांडं त्यांची, गर्भपात त्यांचे, मेलेलं मूल हातात घेणाऱ्या त्याच. कलमात रायवळचं मूळ असतं, पण बाजारात नाव हापूसचं होतं. इथे ते मूळ म्हणजे बाई.

"टेस्ट ट्यूब बेबीलाही असाच विरोध झाला होता की!" हा आक्षेप रास्त आहे. ६ ऑगस्ट १९८६ ला मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या चमूच्या प्रयत्नांतून असं मूल जन्मलं, तेव्हाही लोक बिचकले होते. आज त्याचं कोणाला काही वाटत नाही. पण तिथे आईबापांच्या बीजांतून नवं मूल होतं, त्याचं कसं होणार हे कोणालाच माहीत नसतं. क्लोनमध्ये माहीत असलेल्या माणसाचीच दुसरी प्रत मागायची असते.

२००५ साली संयुक्त राष्ट्रांत मानवी क्लोनिंगविरोधी जाहीरनामा आला, ८४ विरुद्ध ३४ मतांनी. भारतानं विरोधात मत दिलं, कारण उपचारांसाठी पेशी तयार करण्याचं संशोधनही त्यात अडकत होतं. मूल जन्माला घालण्यासाठीचं क्लोनिंग मात्र आपल्या मार्गदर्शक तत्त्वांनीही निषिद्धच ठरवलंय. हा फरक मला पटतो. भाजलेल्या माणसासाठी कातडी वाढवणं वेगळं, माणूस वाढवणं वेगळं.

कुलवृत्तांतात नोंद कुठे?

शेवटी पुन्हा वेळणेश्वर. हे अनेक कोकणस्थ घराण्यांचं कुलदैवत. पुण्यामुंबईहून, परदेशातून लोक नवं मूल घेऊन दर्शनाला येतात. घरी कुलवृत्तांत असतो, त्यात बापाखाली मुलाचं नाव लिहितात. आता समजा एखाद्यानं स्वतःचा क्लोन केला आणि बायकोनं तो पोटात वाढवला. रक्तानं ते मूल त्याचं जुळं भावंडं, चाळीस वर्षं उशिरा आलेलं. म्हणजे आजीआजोबाच त्याचे आईबाप, आणि बाईच्या पोटी तिचा दीर! नातेसंबंधांवर आयुष्यभर काम केलेल्या इरावतीबाईंनाही हा तक्ता मांडताना घाम फुटला असता.

हसू येतं, पण एक बाजू हसण्यासारखी नाही. ज्यांचं पोर गेलं, त्यांना तेच परत हवं असतं. त्यांना मी काही शिकवू शकत नाही. इतकंच वाटतं, की येणारं मूल तेच नसेल. भिंतीवरच्या फोटोशी ते रोज ताडून पाहिलं जाईल, आणि तो शेजारी कसा लागला याचा हिशेब त्या बिचाऱ्याला द्यावा लागेल.

तर आपल्या श्रोत्यांना माझं उत्तर असं. हापूसकडून आपल्याला हापूसच हवा असतो, म्हणून कलम चालतं. आणि ते फसलं तर उपटता येतं. मुलाच्या बाबतीत यातलं एकही चालत नाही.

तुमचं मत वेगळं असेल तर जरूर कळवा, पुढच्या भागात वाचून दाखवेन. भेटू, नमस्कार.