नीतिसंहिता, बँक कर्मचाऱ्यांची

बँकेतील शिपायापासून व्यवस्थापकीय संचालकापर्यंत प्रत्येकाने कामाच्या ठिकाणी कसे वागावे, कुठे थांबावे आणि गैर काही दिसल्यास ते कोणाला सांगावे, हे ठरवून देणारा व संचालक मंडळाने मंजूर केलेला दस्तऐवज. सेवानियम आणि नीतिसंहिता एकमेकांना लागून असले तरी त्यांचे काम वेगळे आहे. सेवानियम मोडला की चार्जशीट हाती पडते. नियम गप्प असतो किंवा दोन नियम एकमेकांच्या आड येतात, तेव्हा माणसाने काय करावे, हे नीतिसंहितेने सांगायचे असते. स्टेट बँकेसारख्या २२,००० हून अधिक शाखांच्या बँकेत असा मसुदा मुख्यालयात लिहिला जातो आणि एखाद्या तालुक्याच्या गावी, तीन माणसांच्या शाखेत पाळला जातो. मसुदा करण्यातली बरीचशी अडचण या अंतरामुळे येते.

भारतात हे काम कोऱ्या कागदावर सुरू होत नाही. राष्ट्रीयीकृत बँकांच्या अधिकाऱ्यांना १९७६ चे वर्तणूक विनियम लागू आहेत. लिपिक आणि शिपाई यांच्यावरील शिस्तभंगाची कारवाई १० एप्रिल २००२ च्या द्विपक्षीय करारानुसार चालते. ग्राहकाच्या खात्याबाबत गुप्तता पाळण्याचे बंधन १९७० च्या राष्ट्रीयीकरण कायद्यातच आहे. त्यावर शेअर बाजारात नोंदलेल्या बँकांसाठी सेबीचे २०१५ चे नियम, कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा आणि सरकारी बँकांवर केंद्रीय दक्षता आयोगाची देखरेख. हे सगळे उतरवून काढले की शंभर पानांचे पुस्तक तयार होते आणि ते कोणी वाचत नाही. कोणता नियम कुठे सापडेल ते सांगून, जिथे माणूस खरोखर अडतो तेवढ्याच जागा विस्ताराने लिहिणे, हे चांगल्या मसुद्याचे लक्षण होय.

अशी पहिली जागा म्हणजे तोंडी हुकूम. १९७६ च्या विनियमांत याविषयी एक मोलाची तरतूद आहे : अधिकाऱ्याने स्वतःच्या विवेकानुसार काम करावे, वरिष्ठाच्या आदेशानुसार करायचे असेल तर शक्यतो तो आदेश लेखी घ्यावा आणि तातडीमुळे ते जमले नाही, तर नंतर लवकरात लवकर लेखी दुजोरा मिळवावा. तरतूद कनिष्ठाच्या संरक्षणासाठी आहे, पण व्यवहारात ती वापरणे कठीण जाते. झोनल ऑफिसमधून फोन येतो, ‘पार्टी ओळखीची आहे, आज सँक्शन करून टाका, कागद मागून येतील.’ अशा वेळी शाखाधिकाऱ्याने ‘साहेब, एक मेल टाका’ म्हणणे हा उद्धटपणा समजला जातो आणि पुढची बदली त्याच्या डोळ्यांसमोर उभी राहते. कर्ज थकल्यावर चौकशीत मात्र सही त्याचीच सापडते. फोनचा पुरावा नसतो. म्हणून ‘लेखी मागावे’ एवढे लिहून भागत नाही. लेखी द्यायला नकार देणे हाच वरिष्ठाचा संहिताभंग मानावा आणि फोनवरील सूचनेची नोंद कनिष्ठाने त्याच दिवशी मेलवर पाठवली तर ती ग्राह्य धरावी, हे मसुद्यात स्पष्ट हवे.

दुसरी जागा पासवर्डची. संगणकीकृत बँकेत एकाने नोंद करायची, दुसऱ्याने ती तपासून मंजूर करायची, अशी मेकर-चेकर पद्धत असते. पगाराचा दिवस, काउंटरवर रांग, चेकर जेवायला गेलेला किंवा रजेवर, आणि त्याचा पासवर्ड शेजारच्याला तोंडपाठ. मंजुरी पटकन होते आणि रांग सरकते. यात कोणाचीही नियत वाईट नसते, म्हणूनच सवय जडते. ‘पासवर्ड देऊ नये’ हे वाक्य प्रत्येक बँकेत आहेच. चेकर नसताना काय करायचे याचे उत्तर त्याच्या जोडीला नसेल, तर ते वाक्य कामाचे नाही. दुसऱ्याची तपासणी निसटली की काय होते, याचे उदाहरण समोर आहे : पंजाब नॅशनल बँकेच्या मुंबईतील ब्रॅडी हाउस शाखेत तेरा हजार कोटी रुपयांहून अधिकचा घोटाळा २०१८ मध्ये उघडकीस आला. स्विफ्ट या आंतरबँक संदेश प्रणालीवरून पाठवलेल्या हमीपत्रांची नोंद बँकेच्या मुख्य संगणक प्रणालीत झालीच नव्हती आणि हे वर्षानुवर्षे चालले होते. असे प्रकार लपून राहू नयेत यासाठी रिझर्व्ह बँकेने संवेदनशील कामावरील कर्मचाऱ्यांना दरवर्षी सलग किमान १० कामाचे दिवस, आधी न कळवता, रजेवर पाठवणे बंधनकारक केले आहे. संहितेत या रजेचे कारण सांगितले, तर कर्मचाऱ्याला तो स्वतःवरचा संशय वाटत नाही.

तिसरी जागा टार्गेटची, आणि बहुतेक मसुदे इथेच मौन पाळतात. अमेरिकेतील वेल्स फार्गो बँकेकडे नीतिसंहिता होती, तक्रारीसाठी हेल्पलाइनही होती. त्याच वेळी प्रत्येक ग्राहकाला आठ सेवा विकण्याचे लक्ष्यही होते. ग्राहकांना न विचारता लाखो खाती उघडली गेली. सप्टेंबर २०१६ मध्ये बँकेला १८.५ कोटी डॉलर दंड झाला आणि सुमारे ५,३०० कर्मचाऱ्यांना काढल्याचे समोर आले. त्यांतले बहुसंख्य खालच्या पातळीवरचे होते. आपल्याकडे मुदत ठेवीचे नूतनीकरण करायला आलेल्या निवृत्त शिक्षकाच्या हाती विम्याची पॉलिसी पडते, ते याच दाबामुळे. रिझर्व्ह बँकेने २०१४ च्या ग्राहक हक्क सनदेत ग्राहकाच्या गरजेला अनुरूप तेच विकले जाण्याचा हक्क मान्य केला आहे. तो खरा ठरायचा तर संहितेने विकणाऱ्याइतकेच टार्गेट ठरवणाऱ्यालाही बांधले पाहिजे. या कलमाविना केलेली संहिता अपुरी आहे, असे प्रस्तुत नोंदीचे मत आहे.

हितसंबंधांच्या घोषणेचे कलम वरिष्ठांसाठी विशेष महत्त्वाचे आहे. आयसीआयसीआय बँकेच्या तत्कालीन मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांवर याच बाबतीत आरोप झाले असता मार्च २०१८ मध्ये संचालक मंडळाने त्यांच्यावर पूर्ण विश्वास व्यक्त केला होता. माजी न्यायमूर्ती श्रीकृष्ण यांच्या चौकशीत मात्र त्यांनी बँकेच्या आचारसंहितेचा भंग केल्याचा निष्कर्ष निघाला आणि जानेवारी २०१९ मध्ये बँकेने तो स्वीकारला. मंडळाने स्वतःच्या प्रमुखाबाबत निर्वाळा देण्याआधी बाहेरची चौकशी व्हावी, ही तरतूद मसुद्यात आधीच असणे इष्ट.

तक्रारदाराच्या संरक्षणासाठी खासगी व परदेशी बँकांकरिता रिझर्व्ह बँकेची २००७ ची योजना आहे. सरकारी बँकांतील कर्मचारी २००४ च्या ठरावानुसार थेट दक्षता आयोगाकडे जाऊ शकतो. संहितेचे बंधन शपथेनेही घालता येते. नेदरलँड्सने एप्रिल २०१५ पासून सर्व बँक कर्मचाऱ्यांना शपथ घेणे सक्तीचे केले असून ती मोडल्यास दंड किंवा काही काळ बँकेत काम करण्यास मनाई होऊ शकते. भारतात दरवर्षी ३१ ऑक्टोबरच्या आठवड्यात, सरदार पटेलांच्या जयंतीनिमित्त, दक्षता जागरूकता सप्ताहात सचोटीची प्रतिज्ञा घेतली जाते, पण तिला अशी शिक्षेची जोड नाही.

मसुदा समितीत सहसा मनुष्यबळ, विधी, अनुपालन आणि दक्षता हे विभाग असतात. काउंटरवरचा लिपिक, ग्रामीण शाखेचा व्यवस्थापक आणि कर्मचारी संघटनेचा प्रतिनिधी यांनाही पहिल्या बैठकीपासून घेणे आवश्यक आहे, कारण वर सांगितलेल्या तिन्ही जागांची कलमे त्यांच्या अनुभवावाचून लिहिता येत नाहीत. अंतिम मजकूर इंग्रजी-हिंदीबरोबर राज्याच्या भाषेत द्यावा. कंत्राटी सुरक्षारक्षक, वसुली एजंट आणि गावोगावचे बँक मित्र यांनाही तो लागू करावा. बँकेच्या नावाने ग्राहकाच्या दारात तेच उभे असतात.