गाडीसमोर अचानक रोही आला तर काय करायचं?

परभणी, पेडगाव, मानवत, पाथरी या पट्ट्यात रोही कुणाला नवा नाही. तूर-हरभऱ्यात शिरलेला कळप शेतकऱ्याची झोप उडवतो, आणि तोच कळप अंधारात रस्ता ओलांडायला निघाला की गाडीवाल्याची.

रोही म्हणजे नीलगाय. नावात गाय असली तरी हा काळविटासारखा कुरंग आहे, आशियातला सर्वांत मोठा. पूर्ण वाढलेला नर २०० किलोच्या पुढे जातो, खांद्यापाशी उंची चार ते पाच फूट. धोका या उंचीतच आहे. कारचं बंपर त्याच्या पायांना लागतं आणि सगळं धड बॉनेटवरून थेट समोरच्या काचेवर येतं. कॅनडा आणि स्वीडनमध्ये मूस नावाच्या अवाढव्य सांबरवर्गीय प्राण्याची धडक याच कारणाने जीवघेणी ठरते. (गंमत म्हणजे आपला रोहीसुद्धा अमेरिकेत आहे. १९३०च्या सुमारास टेक्सासच्या किंग रँचवर सोडलेल्या रोह्यांची पिलावळ तिथे आजही मोकळी फिरते.)

रोह्याला दाट जंगल लागत नाही. झुडपी माळ, ओढ्याकाठ आणि शेजारी उभं पीक एवढं त्याला पुरतं. त्यामुळे 'इथे कुठे जंगल आहे' असं म्हणून वेग वाढवू नका. पहाट आणि तिन्हीसांजेला जास्त जपा. रोही ठरलेल्या जागी पुन्हा पुन्हा लेंड्या टाकतो. रस्त्याकडेला असे ढीग दिसले, तर ती त्याची नेहमीची वाट समजा.

वेगाचा हिशोब

ताशी ८० किमी वेगात गाडी सेकंदाला २२ मीटर जाते. दचकून ब्रेकवर पाय पडेपर्यंत दीड सेकंद, म्हणजे ३३ मीटर गेले. पुढे कोरड्या डांबरावर थांबायला आणखी साधारण ३५ मीटर. डिपरचा उजेड जेमतेम ५०-६० मीटर पोचतो. म्हणजे प्राणी दिसला तेव्हाच उशीर झालेला असतो. ताशी ६० किमीला हेच अंतर ४५ मीटरवर येतं.

समोर आलाच तर

ब्रेक सरळ रेषेत दाबा. स्टेअरिंग झटक्याने वळवू नका. गाडी उलटणं किंवा समोरच्या ट्रकवर जाणं हे धडकेपेक्षा वाईट. वळायला जागा असेलच, तर वेग कमी झाल्यावर त्याच्या शेपटीच्या बाजूने जा, कारण तो बहुधा पुढेच पळतो. एक गेला म्हणून लगेच गिअर टाकू नका, मागे कळप असतो. दुचाकीवाल्यांनी दोन्ही ब्रेक मिळून लावावेत. हेल्मेटबद्दल वेगळं काय सांगायचं!

यावर कायमचा उपाय रस्ता बांधतानाच करावा लागतो. कॅनडातल्या बॅन्फ राष्ट्रीय उद्यानात कुंपण, भुयारी मार्ग आणि प्राण्यांसाठीचे पूल केल्यावर धडका ८० टक्क्यांहून जास्त घटल्या. आपल्याकडे पेंचजवळ नागपूर-जबलपूर महामार्गाखालून वाघही ये-जा करतात. शेतातल्या रोह्यांच्या वाट्याला मात्र असं काही सहसा येत नाही.

धडक झालीच, तर जखमी जनावराच्या जवळ जाऊ नका, लाथ जबर असते. माणसांसाठी १०८ किंवा ११२, प्राण्यासाठी वन विभागाचा १९२६. मेलेला रोही उचलून नेणं किंवा त्याचं मांस वाटून घेणं हा वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली गुन्हा आहे. गाडीची नुकसानभरपाई हवी असेल तर विमा कॉम्प्रिहेन्सिव्ह लागतो; नुसत्या थर्ड पार्टीत स्वतःच्या गाडीचं काही मिळत नाही. गाडी हलवण्याआधी फोटो काढा आणि विमा कंपनीला त्याच दिवशी कळवा.